नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

रविवारी सकाळी आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात चार-पाच मुलं माझ्याकडे येतात. कोणी डिप्लोमाला, कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत काय चालतं ते समजून घ्यायचंय म्हणतात, म्हणून आम्ही लिनक्सचं कर्नल उघडून बसतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला हा कोड आज काही कोटी ओळींचा झाला आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच चालतो. तो कोणालाही वाचायला मोकळा आहे, म्हणून आमच्यासारख्यांना बरा.

मागे एका रविवारी त्यातल्या एका मुलाने विचारलं, "सर, 'पुट' म्हणजे ठेवणे ना? मग इथे 'पुट' केल्यावर वस्तू नाहीशी का होते?"

तो दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला. बाकीची पोरं हसली. मला हसू आलं नाही. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता आणि लोक हसतील म्हणून मी तो कोणाला विचारला नव्हता.

प्रश्न साधा वाटतो, पण तो थेट मुद्द्यावर बोट ठेवतो. कर्नलमध्ये एकच वस्तू अनेक जण एकाच वेळी वापरत असतात. एखादं उपकरण, एखादी फाइल, मेमरीचं एखादं पान. कोण कोण वापरतंय याचा एक आकडा त्या वस्तूबरोबर ठेवलेला असतो. वापरायला घेतलं की आकडा एकने वाढवायचा, त्याला 'गेट'. काम झालं की एकने कमी करायचा, त्याला 'पुट'. आकडा शून्यावर आला की वस्तू मोडीत काढायची. मी त्या मुलाला म्हटलं, "बेटा, याला अमानत समज. 'गेट' म्हणजे अमानत घेतल्याची नोंद, 'पुट' म्हणजे परत केल्याची. परत करायला विसरलास तर वस्तू कायमची अडकून पडते. दोनदा परत केलीस तर दुसऱ्याच्या हातातली वस्तू तू मोडलीस."

त्याला ते लगेच कळलं. पण दहाच मिनिटांत तो पुढचा प्रश्न घेऊन आला. "मग 'पुट_युजर' मध्ये कोणाची अमानत परत करतोय?"

कोणाचीच नाही. 'गेट_युजर' आणि 'पुट_युजर' या दोन फंक्शनांचा अमानतीशी काही संबंध नाही. एक वापरकर्त्याच्या मेमरीतून किंमत उचलून आणतं, दुसरं तिथे किंमत नेऊन ठेवतं. इथे 'पुट' म्हणजे खरंच ठेवणे. 'केटाइम_गेट' नुसती वेळ सांगतं, ती परत करायची नसते. आणि 'गेट_युजर_पेजेस' मात्र पानांवरचा आकडा वाढवतं, ती पानं परत करावीच लागतात. म्हणजे 'गेट_युजर' आणि 'गेट_युजर_पेजेस' ही सख्खी भावंडं वाटतात आणि त्यांचा करार पूर्ण वेगळा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा शैलीचा प्रश्न नाही. कोडमधलं फंक्शनचं नाव म्हणजे वापरणाऱ्याशी केलेला करार असतो. एका घरात एका शब्दाचा एकच अर्थ असला पाहिजे, आणि एका अर्थाला एकच शब्द. हे पाळलं नाही तर त्याची किंमत लिहिणारा देत नाही, नंतर येणारा देतो.

मी ती किंमत एकदा दिली आहे. सांगतो.

नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत एका उपकरणाचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. त्यात कुलूप म्हणून जुनी सेमाफोर वापरली होती. २००६ मध्ये कर्नलमध्ये म्युटेक्स नावाचं नवं, हलकं कुलूप आलं होतं, आणि जुनं काढून नवं बसवायचं काम मला दिलं. ठिकठिकाणी 'डाउन' च्या जागी 'म्युटेक्स_लॉक' आणि 'अप' च्या जागी 'म्युटेक्स_अनलॉक' घातलं. एका ठिकाणी 'डाउन_ट्रायलॉक' होतं, तिथे 'म्युटेक्स_ट्रायलॉक' घातलं. कोड बिनतक्रार कंपाइल झाला.

त्यानंतर ते उपकरण एक आड एक चालायला लागलं. पहिल्यांदा विचारलं की "मी कामात आहे" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की नीट चालायचं. तिसऱ्यांदा परत कामात. मी तीन रात्री उपकरणाच्या विजेच्या तारा तपासत बसलो. दोष तारांत नव्हता. 'डाउन_ट्रायलॉक' ला कुलूप मिळालं तर ते शून्य परत देतं. 'म्युटेक्स_ट्रायलॉक' ला कुलूप मिळालं तर ते एक परत देतं. नेमकं उलट. त्यामुळे पहिल्या वेळी कुलूप मिळालं तरी माझ्या कोडला वाटलं की मिळालं नाही, आणि तो कुलूप हातात घेऊनच माघारी फिरला. दुसऱ्या वेळी कुलूप अडकलेलं असल्यामुळे मिळालं नाही, तर माझ्या कोडला वाटलं की मिळालं. तो बिनधास्त आत गेला, काम केलं आणि जाताना मागचं अडकलेलं कुलूप उघडून गेला. एकटाच माणूस वापरत होता तोवर एक आड एक. दोघांनी एकाच वेळी वापरलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी त्या रात्री केला नाही तेच बरं.

म्युटेक्सच्या कोडमध्ये या उलट्या वागण्याची सूचना टिपेत लिहिलेली आहे. मी ती वाचली नव्हती. चूक माझीच. पण जिथे नावाने काम व्हायला हवं तिथे टिपेवर भिस्त ठेवावी लागते, तेव्हा ती टीप म्हणजे एक कबुलीच असते.

यात आणखी एक गोम आहे. नावं आणि परत येणारे आकडे यांविषयी कर्नलचा स्वतःचा एक नियम आहे, त्याच्या लेखनपद्धतीच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेला. नियम सुरेख आहे. फंक्शनचं नाव आज्ञा असेल तर त्याने चुकीचा क्रमांक परत द्यावा, म्हणजे शून्य आलं तर सगळं ठीक. नाव प्रश्न असेल तर त्याने हो किंवा नाही परत द्यावं, म्हणजे एक आलं तर हो. मराठीत सांगायचं तर "दार लाव" ही आज्ञा. तिचं उत्तर "लावलं, अडचण नाही" किंवा "लागत नाही, बिजागरी मोडलीये". "दार लागलंय का?" हा प्रश्न. त्याचं उत्तर हो किंवा नाही.

आता 'ट्रायलॉक' म्हणजे काय? "कुलूप लावून बघ." ही आज्ञा आहे की प्रश्न? दोन्ही आहे. सेमाफोर लिहिणाऱ्याने ती आज्ञा मानली, स्पिनलॉक आणि म्युटेक्स लिहिणाऱ्यांनी तो प्रश्न मानला. दोघांपैकी कोणीही चुकलं नाही. चुकलं ते एवढंच की एकाच घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ राहिले, आणि मग दोन्ही बाजूंना इतका कोड साचला की परत फिरणं अवघड झालं.

आता नावांच्या क्रमाकडे येऊ. ही गोष्ट माझ्या वाचकांना समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे एकच माणूस कुठे 'शेख अब्दुल करीम' असतो, कुठे 'अब्दुल करीम शेख', कुठे नुसता 'करीम शेख'. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आणि रेशनकार्डावर लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारू नका. माझ्या तीन कागदांवर 'शेख' तीन प्रकारे आहे. एकावर 'ए' आणि 'आय' घालून, दुसऱ्यावर 'ई' आणि 'आय' घालून, तिसऱ्यावर नुसता 'ई'. माणसाला कळतं की हा तोच. यंत्राला हे तीन इसम दिसतात, आणि मग तीन इसम एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला आपण रांगेत उभे राहतो. ज्याने पहिल्यांदा घाईत ते स्पेलिंग लिहिलं, तो त्या रांगेत नसतो.

कर्नलमध्ये अगदी हेच झालं आहे. मोठ्या कोडमध्ये प्रत्येक विभागाचं एक आडनाव असतं. टायमरचा विभाग, पीसीआयचा विभाग, फाइलींचा विभाग. आडनाव आधी लिहिलं की त्या विभागाची सगळी फंक्शनं यादीत एकत्र येतात, शोधायला सोपी पडतात. शाळेचं रजिस्टर आडनावाने का सुरू होतं, त्यामागे हेच शहाणपण आहे. पण लिनक्समध्ये 'केऑब्जेक्ट_गेट' मध्ये आडनाव आधी आहे आणि 'गेट_डिव्हाइस' मध्ये नंतर. टायमरच्या विभागात तर वर्षानुवर्षं 'ॲड_टायमर', 'मॉड_टायमर', 'डेल_टायमर' ही जुनी पिढी आणि 'टायमर_सेटअप', 'टायमर_पेंडिंग' ही वेगळ्या वळणाची मंडळी एकत्र नांदत होती.

२०२२ च्या अखेरीस टायमर विभाग सांभाळणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनर यांनी 'डेल_टायमर' चं नाव 'टायमर_डिलीट' आणि 'डेल_टायमर_सिंक' चं नाव 'टायमर_डिलीट_सिंक' केलं. जुनी नावं काही काळ चालू ठेवली, म्हणजे जुन्या नावाने हाक मारली तरी ओ मिळायची. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये सगळ्या कर्नलभर एकदमच जुन्या नावांच्या जागी नवी नावं घातली गेली आणि जुनी काढून टाकली. त्या वर्षी इतर टायमर फंक्शनांचीही आडनावं पुढे आली.

काहींना हे कंटाळवाणं काम वाटलं असेल. नुसता शब्दांचा क्रम बदलला, वागणं तर तेच राहिलं! मला ते मोलाचं वाटतं. पण त्याच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. 'टायमर_डिलीट' टायमरला रांगेतून काढतं, पण त्या टायमरचं काम दुसऱ्या प्रोसेसरवर आधीच सुरू झालं असेल तर ते संपण्याची वाट पाहत नाही. वाट पाहायची असेल तर 'सिंक' वालं वापरायचं. नवा माणूस साहजिकच छोटं नाव उचलतो, टायमर काढतो, लगेच मेमरी मोकळी करतो, आणि तिकडे चालू असलेलं काम त्या मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतं. अशा चुकांतून नुसती यंत्रं बंद पडत नाहीत, सुरक्षेची भोकंही पडतात. जे काम सावधपणे करायचं त्याचं नाव लांब आणि जे निष्काळजीपणे होतं त्याचं नाव छोटं, हा उलटा न्याय नाव बदलल्यावरही तसाच राहिला. नावं एकसारखी असणं आणि नावं चांगली असणं या दोन गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी झाली असं होत नाही. पण पहिली झाल्याशिवाय दुसरीवर नीट बोलताही येत नाही.

नाव बदलल्याने वागणं कसं सुधारतं याचं उदाहरण पीसीआय विभागात आहे. तिथे पूर्वी 'पीसीआय_फाइंड_डिव्हाइस' होतं. ते उपकरण शोधून हातात द्यायचं, पण अमानतीची नोंद करायचं नाही. उपकरणं यंत्र चालू असताना काढता-घालता येऊ लागली तसं ते धोक्याचं झालं, कारण हातातलं उपकरण मधेच नाहीसं होऊ शकत होतं. मग 'पीसीआय_गेट_डिव्हाइस' आलं, जे नोंद करून देतं. जुन्याच नावाखाली नवं वागणं घातलं असतं तर जुन्या शेकडो हाका बिनबोभाट चालल्या असत्या आणि प्रत्येक ठिकाणी परत न केलेली अमानत साचली असती. नाव बदललं म्हणून प्रत्येक ड्रायव्हरवाल्याला थांबून विचार करावा लागला. 'फाइंड' मध्ये परत करायचं काही नाही, 'गेट' मध्ये आहे, हे नावातच आलं.

आणि त्याच कर्नलमध्ये, उपकरणांचं वर्णन ठेवणाऱ्या झाडाच्या विभागात, 'ऑफ_फाइंड_नोड_बाय_नेम' आहे. नाव म्हणतं शोध. प्रत्यक्षात ते फांदी शोधतं, तिच्यावरचा आकडा वाढवून देतं, आणि जिथून शोध सुरू करायला सांगितलं त्या फांदीवरचा आकडा कमीही करतं. तीन कामं, नावात एकच. 'ऑफ_नोड_पुट' विसरल्याच्या दुरुस्त्या कर्नलमध्ये वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत. एका विभागाने जे शिकून घेतलं ते शेजारच्या विभागात पोचलं नाही. आपल्या समाजात हे आपण रोज पाहतो, कोडला तरी का नावं ठेवा?

अक्षरांच्या नक्कलबाजीचीही एक गोष्ट आहे. अक्षरं एका जागेतून दुसऱ्या जागी उतरवणारं जुनं फंक्शन 'स्ट्रकॉपी'. ते जागा पुरते की नाही ते बघत नाही. 'स्ट्र-एन-कॉपी' ला जागेचा आकडा देता येतो, म्हणून लोक त्याला सुरक्षित समजले. पण ते जन्मलं जुन्या युनिक्समधल्या ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठी, जिथे फाइलच्या नावाला १४ अक्षरांची जागा असायची. जागा भरली तर शेवटची खूण ते घालतच नाही, आणि उरली तर सगळी शून्यांनी भरत बसतं. मग १९९८ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी 'स्ट्र-एल-कॉपी' आणलं. ते शेवटची खूण घालतं, पण मूळ मजकुराची पूर्ण लांबी मोजायला तो शेवटपर्यंत वाचत जातं. लिनक्सने २०१५ मध्ये 'स्ट्र-एस-कॉपी' आणलं, जे मजकूर मावला नाही तर सरळ चुकीचा क्रमांक देतं. मग एकेक हाक तपासत २०२४ मध्ये 'स्ट्र-एल-कॉपी' कर्नलमधून हद्दपार केलं. चार भावंडं, मधल्या एका अक्षराचा फरक, आणि चौघांचा स्वभाव वेगळा. 'दिन' आणि 'दीन' मधला फरक ज्याला माहीत नाही त्याच्या हातात आपण पत्रिका छापायला देत नाही. पण इथे तेच केलं.

आपल्या परंपरेत या दुखण्यावर फार पूर्वी काम झालं आहे. हदीसच्या अभ्यासकांपुढे हाच प्रश्न होता. एखादं कथन विश्वासार्ह आहे की नाही हे सांगणाऱ्यांच्या साखळीवर ठरतं, आणि साखळीत एकाच नावाचे दोन वेगळे इसम असू शकतात. किंवा दोन नावं लिहायला सारखी आणि उच्चारायला वेगळी असू शकतात. दोन रोग वेगळे आहेत हे त्यांनी ओळखलं आणि दोन्हींसाठी वेगळे ग्रंथ रचले. लिहायला सारख्या पण उच्चारात वेगळ्या नावांवर दहाव्या शतकातल्या दारकुतनींनी लिहिलं. एकाच नावाच्या वेगवेगळ्या माणसांवर अकराव्या शतकातल्या खतीब बगदादींनी लिहिलं. एका नावाची गफलत झाली तर विश्वासू माणसाच्या जागी बेभरवशाचा माणूस बसेल आणि सगळी साखळी बिघडेल, ही त्यांची धास्ती होती. त्यांनी लोकांची नावं बदलली नाहीत, ती बदलता येणारी नव्हती. म्हणून त्यांना आयुष्यं खर्चून याद्या कराव्या लागल्या. आपल्याला कोडमधली नावं बदलता येतात, आणि तरी आपण याद्या आणि टिपांवर भागवतो.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही. नाव बदलण्याची किंमत असते. कर्नलच्या जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळाव्या लागतात. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुनीत न्यायची तर नावं जुळत नाहीत म्हणून ती सरळ बसत नाही, कोणीतरी हाताने बसवावी लागते. एखादी ओळ कोणी आणि का लिहिली हे शोधायला गेलं की आधी नाव बदलणाऱ्याचंच नाव समोर येतं, मूळ लेखक त्याच्या खाली गाडला जातो. ज्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर आहेत त्यांचे कोड तुटतात. आणि ज्यांच्या बोटांना जुनी नावं वीस वर्षं सवयीची आहेत, त्यांना काही दिवस रोज ठेच लागते.

हे सगळं मान्य. म्हणून नुसत्या आवडीनिवडीसाठी नाव बदलू नये, असंच माझं मत आहे. 'डेल' पेक्षा 'डिलीट' कानाला बरं वाटतं एवढ्यावर हजारो फाइलींना हात लावायचा नसतो. पण नावातून खोटी समजूत होत असेल, किंवा एकाच घरात एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील, तर बदलावं. आणि बदलायचं तर अर्धवट सोडू नये. निम्म्या ठिकाणी नवं आणि निम्म्या ठिकाणी जुनं अशा अवस्थेपेक्षा संपूर्ण जुनं बरं. हे काम पूर्वी हाताने करावं लागायचं. आता फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत सांभाळलं जाणारं कॉक्सिनेल नावाचं साधन आहे. कॉक्सिनेल म्हणजे फ्रेंचमध्ये तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडे खाणारा छोटा भुंगेरा. बदलाचा नमुना एकदा लिहून दिला की ते सगळ्या कोडमधून तशा जागा हुडकून बदल सुचवतं. साधन हाताशी असताना "फार काम आहे" हे कारण पूर्वीइतकं जड राहत नाही.

आणि एक सीमा पाळायलाच हवी. कर्नलच्या आतली नावं ही घरातली बाब आहे. लिनक्सवाले ती बदलणार नाहीत असं वचन कोणालाच देत नाहीत आणि हे उघड सांगतात. पण बाहेरच्या प्रोग्रामना दिलेली नावं हे जगाला दिलेलं वचन आहे. युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या फंक्शनच्या स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' गळलेला आहे. युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल असं केन थॉम्पसन यांना विचारलं तेव्हा तो 'ई' घालीन असं ते म्हणाले, ही आठवण आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. पन्नास वर्षं झाली, तो 'ई' अजून गळलेलाच आहे आणि राहील. त्या स्पेलिंगवर जगभरचे प्रोग्राम उभे आहेत. त्याची चूक फार तर हसू आणते, कोणाची फसवणूक करत नाही. अशा चुकीला आपल्यात जसं एखाद्या आजोबांचं चुकीचं पडलेलं टोपणनाव चालवून घेतात तसं चालवून घ्यावं.

पण सगळ्यात महत्त्वाचं कारण मला त्या उर्दू माध्यमाच्या मुलाने दिलं. कोडमधल्या नावांबद्दल वाद होतो तेव्हा जुने जाणते म्हणतात, "सगळ्यांना माहीत आहे की." हे 'सगळे' कोण? जे आधीपासून आत आहेत ते. ज्यांना कोणीतरी शेजारी बसून सांगितलं ते. मालेगावच्या, सोलापूरच्या, मिरजेच्या गल्लीतून एखादं पोरगं जुना लॅपटॉप घेऊन हा कोड उघडतं तेव्हा त्याच्या शेजारी कोणी नसतं. इंग्रजी त्याची तिसरी किंवा चौथी भाषा असते. त्याच्याजवळ फक्त नावं असतात. नावं एका नियमाने चालली तर ते एकदा नियम शिकतं आणि पुढचं सगळं स्वतःचं स्वतः वाचत जातं. नावं मर्जीने चालली तर त्याला प्रत्येक नाव पाठ करावं लागतं, आणि शेवटी त्याला वाटायला लागतं की आपल्यालाच इंग्रजी येत नाही, आपलीच अक्कल कमी. मलाही वीस वर्षांपूर्वी तसंच वाटलं होतं. दोष माझ्या इंग्रजीचा नव्हता. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही 'पुट' वरून 'मोडीत काढ' ओळखू शकत नाहीत. फरक इतकाच की त्यांना विचारायची लाज वाटत नाही.

म्हणून मी रविवारच्या मुलांना आता एक सवय लावतो आहे. प्रत्येकाने एक वही ठेवायची. जिथे नावाने फसवलं तिथे ते नाव, त्यातून काय वाटलं आणि प्रत्यक्षात काय निघालं, असे तीन रकाने भरायचे. नुसतं नावं ठेवायला नाही. त्यांनी स्वतः जे छोटे प्रोग्राम लिहिलेत त्यातली नावं त्याच वहीत तपासायची. परवा त्या मुलाने स्वतःच्याच प्रोग्राममध्ये एक चूक पकडली. एका ठिकाणी त्याने खातं बंद करायला 'क्लोज' लिहिलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी 'एंड', काम तेच. त्याने दोन्हीकडे 'क्लोज' केलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. बाकीची पोरं या वेळी हसली नाहीत, आपापल्या वह्या चाळायला लागली.